बोटीवर जायचंय? फी भरण्याआधी हे वाच

दहावी झाली म्हणून लगेच जीपी रेटिंगची, म्हणजे व्यापारी जहाजावरच्या खलाशाच्या कोर्सची, फी भरू नकोस. आधी डीजी शिपिंगची (जहाज वाहतुकीवर देखरेख ठेवणारं केंद्र सरकारचं कार्यालय) मान्यता असलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घे, विशेषतः रंग ओळखण्याची. रात्री समोरच्या बोटीचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, यावरून ती कुठल्या बाजूला चालली आहे ते कळतं. तिथे गफलत चालत नाही.

मग कागदपत्रं. पासपोर्ट, इंडॉस नंबर (खलाशाचा सरकारी ओळख क्रमांक), सहा महिन्यांचा कोर्स, एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम) मूलभूत कोर्स आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं. दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि पासपोर्टवर फरक असेल तर आत्ताच दुरुस्त कर.

सर्वांत जपायचं ते एजंटांपासून. कोकणातल्या कितीतरी घरांनी यात जमीन गहाण टाकली आहे, म्हणून कळकळीने सांगतो. हातात सीडीसी आली म्हणजे नोकरी लागली असं नाही. भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशांची भरती करण्याचा सरकारी परवाना आहे का, तो नंबर डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर स्वतः तपास. परवानाधारक कंपनीला नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेताच येत नाहीत. कोणी लाखाची भाषा केली की तिथून ऊठ. परदेशी झेंड्याची, म्हणजे दुसऱ्या देशाची, सीडीसी झटपट काढून देतो म्हणणाऱ्याच्याही नादी लागू नकोस.

सीडीसी 10 वर्षं चालते. पण जीव वाचवण्याचा आणि आग विझवण्याचा कोर्स दर 5 वर्षांनी पुन्हा ताजा करावा लागतो, त्या तारखा लिहून ठेव.