पेन्सिकला पहिल्यांदा चाललायस? मग हे वाच

अरे, पेन्सिक म्हणजे मध्ययुग जगून बघणाऱ्या आपल्या SCA या हौशी संस्थेचा मोठा उन्हाळी मेळा, तिथे सगळे क्लास करायला धावू नकोस. स्लिपरी रॉकजवळचं ते कॅम्पग्राउंड अवाढव्य आहे, एका तंबूतून दुसऱ्यात पोचेपर्यंतच घामाघूम होतोस, त्यात पेन्सिल्व्हेनियाचं जुलै-ऑगस्टचं ऊन आणि मधेच पाऊस आला की चिखलच चिखल. दिवसाला दोन बास. शिकवणारे आपलेच मेंबर, सामान लागत असेल तर तेवढे पैसे घेतात, सुट्टे ठेव. कपड्यांचं टेन्शन नको, १६०० च्या आधीचं वाटावं असा प्रयत्न दिसला की झालं.

रेकॉर्डर (तोंडाने फुंकायची उभी बासरी) लाकडी असेल तर वाजवायच्या आधी काखेत धरून गरम कर, थंड नळीत फुंकलंस की वाफ साचते आणि आवाज बसतो. खरं सांगू, पहिल्या वर्षी प्लास्टिकचाच आण, नाकं मुरडणारे मुरडू देत.

नाचाचा क्लास मात्र सोडू नकोस. साध्या ब्रान्सलमध्ये (हा जुना फ्रेंच गोलनाच) हात धरून गोल उभं राहायचं, डावीकडे डबल (तीन पावलं टाकून पाय जुळवायचे), उजवीकडे सिंगल (एकच पाऊल टाकून पाय जुळवायचे), म्हणून अख्खा गोल हळूहळू डावीकडे सरकत राहतो, पाच मिनिटांत जमतं.

रात्री शेकोटीपाशी गाण्यांची बैठक बसते, आधी विचारून बस, पाण्याचा मग आपलाच ने. तुला गा म्हणाले तर बिनधास्त ज्ञानेश्वरांचा अभंग म्हण, १३व्या शतकातला म्हणजे एकदम नियमात. तुकोबा सतराव्या शतकातले, ते कडक हिशोबात बसत नाहीत (काय करणार!). आणि टॉर्च विसरू नकोस, परतताना तंबूच्या दोऱ्यांत पाय अडकतो.