सातवा महिना, माहेर गुहागरकडच्या वाडीत, तारीख जुलैची. रात्री छाती धडधडते, झोप नाही. काय करू?

ताई, पहिलटकरणीला धाकधूक असतेच. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण नकोसं झालं असेल, तर ‘या दिवसांत होतंच असं’ म्हणून सोडू नका. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्या, त्यांनीसुद्धा धडधड होते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

मला वाटतं, तुमची निम्मी भीती रस्त्याची आहे आणि ती खोटी नाही. जुलैत व्हाळ भरले, दरड आली की वाडी तुटते. म्हणून तारखेच्या दोनेक आठवडे आधीच चिपळूणला किंवा रुग्णालयाजवळ कुणा नातेवाइकांकडे राहायला जा. (आजी कुरकुरेल, कुरकुरू दे.) आशाताईंना आत्ताच गाठा. १०८ ची गाडी कुठून येते, ती अडकली तर वाडीतली कोणाची गाडी, सोबत कोण, हे ठरलं की मन बरंच निवतं.

रक्त जाणं, पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणं, यात सकाळची वाट बघू नका. आणि झोपेची गोळी मनाने घेऊ नका. आधीपासून कुठली चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका.