२०२३-२४ च्या फिगर स्केटिंग हंगामात सर्वांत अनपेक्षित पदक कोणाचं?

माझ्या मते फ्रान्सच्या आदाम सियाओ हिम फाचं. मार्च २०२४, माँट्रियल, जागतिक अजिंक्यपद. दोन महिन्यांपूर्वीच युरोपियन विजेता ठरलेला हा मुलगा शॉर्ट प्रोग्रॅममध्ये (पहिली, छोटी फेरी) थेट १९ वा! फ्री स्केटिंगला (दुसरी, मोठी फेरी) पहिले २४ जण जातात, म्हणजे तो जेमतेम आत राहिला. फ्रीमध्ये मागच्या क्रमांकाचे आधी उतरतात, त्यामुळे तो पहिल्याच गटात आला आणि २०६.९० गुण घेऊन गेला. त्यातही मध्येच बॅकफ्लिप (हवेत मागे कोलांटी) मारली. ती तेव्हा बेकायदा होती, दोन गुण कापले गेले, तरी मारलीच! मग एकामागून एक नामवंत आले आणि त्याच्या दोन्ही फेऱ्यांच्या एकूण २८४.३९ गुणांच्या खालीच थांबले. पुढे गेले फक्त अमेरिकेचा मालिनिन आणि जपानचा कागियामा. १९ वरून कांस्य! मी अजूनही ते पुन्हा पुन्हा बघतो.

त्याच स्पर्धेत जोडी प्रकारात कॅनडाच्या डिआना स्टेलाटो-ड्युडेकचं सुवर्णही तितकंच भारी: वय ४०, आणि मध्ये तब्बल १६ वर्षं ती बर्फापासून लांब होती. महिलांत शॉर्टनंतर आघाडीवर असलेली बेल्जियमची लोएना हेंड्रिक्स मात्र चौथी राहिली, त्याचं फार वाईट वाटलं.