मुलीला मालिकेत काम मिळाले असेल, तर आधी एवढे पाहा

आपल्या मुलीची मालिकेसाठी निवड झाली, याबद्दल अभिनंदन. कराराचे बारकावे नंतर पाहता येतील. सुरुवातीला एकच नियम कसोशीने पाळा. चित्रीकरण असो वा रंगभूषेची खोली, मुलगी आपल्या किंवा घरच्या विश्वासू माणसाच्या नजरेआड राहता कामा नये. ‘आई समोर असली की मूल मोकळेपणाने काम करत नाही’ असे सांगून पालकांना बाहेर बसवले जाते आणि काम हातचे जाईल या भीतीने नवे पालक ते मुकाट्याने मान्य करतात; सर्वांत मोठी चूक हीच.

बालकामगारांविषयीच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार पुढील गोष्टी निर्मात्यावर बंधनकारक आहेत:

- जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. तिची प्रत मागा. त्यावर कोणी नाराज झाले, तर तेही वेळीच कळलेले बरे.
- दिवसाला कमाल ५ तास काम, विश्रांतीविना सलग ३ तासांहून अधिक नाही.
- मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलीच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत.

एखाद्याजवळ जायला मुलीने नकार दिला, तर तिला दटावू नका. शांतपणे कारण विचारा. लैंगिक छळाची शंका आल्यास युनिटमधल्या कोणाच्या मध्यस्थीची वाट न पाहता १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा, कारण मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती दडवणे हाही गुन्हा आहे.