भोपळ्याला फळ धरत नाही?

ताई, फुलं गळतात, फळ धरत नाही म्हणून वेल उपटू नका! सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, ती गळणारच. मादी फुलाच्या देठाशी सुपारीएवढा भोपळा दिसतो. तोच पिवळा पडून गळत असेल तर पराग पोचत नाही, असं समजा. इथे सांगलीत माझ्या गच्चीवर मधमाशी क्वचितच फिरकते. म्हणून मीच सकाळी सातच्या आत ताजं नर फूल तोडतो, पाकळ्या काढतो आणि मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवतो. ऊन चढलं की फूल मिटतं, मग काही उपयोग नाही. दुधीचं मात्र उलटं. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा दिवेलागणीला जा. युरिया बंद करा, नुसता पाला माजतो (माझा पहिला वेल असाच गेला). जास्तीच्या नर फुलांची भजी मस्त होतात.