पहिला फराळ, बेताच्या खर्चात

पहिल्यांदाच फराळ करताय, तर सात पदार्थांचा नाद सोडा. चौघांच्या घराला चिवडा, शंकरपाळी, चकली पुरे. खरा खर्च तेलाचा. म्हणून पसरट नको, लहान खोल कढई घ्या. आधी शंकरपाळी तळा, चकली शेवटी, कारण भाजणीच्या (चकलीच्या भाजलेल्या पिठाच्या) तिखट-मसाल्याने तेल काळपट होतं. उरलेलं तेल गाळून दोन-चार दिवसांत थालीपिठाला, फोडणीला संपवा. पुन्हा तळणीला नको.

भाजणीला तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, थोडे धणे-जिरे. धुऊन, सावलीत वाळवून, वेगवेगळं मंद आचेवर भाजा, मग एकत्र दळा. एक वाटी पिठाला साधारण एक वाटी उकळतं पाणी आणि चमचाभर कडकडीत मोहन, म्हणजे पिठात घालायचं तापलेलं तेल. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त, पाडताना तुटली तर पीठ कोरडं. मऊ पडली तर घाईने काढलीत: बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत मध्यम आचेवर राहू द्या.

चिवड्याचे पातळ पोहे तळू नका, मंद आचेवर भाजा. आच वाढली की आकसतात. खोबऱ्याचे काप हवेतच, काजू नसले तरी चालतं. मोडक्या चकल्या मिसळीवर घाला.