पिणाऱ्या मनाशी बोलताना

प्रिय सहकारी,

तुझे पत्र मिळाले. व्यसनमुक्तीच्या कामात नव्याने उतरणाऱ्या प्रत्येकाला जो प्रश्न लवकरच छळू लागतो, तोच तू विचारला आहेस. दारूने आपली तब्येत, नोकरी आणि संसार कसा पोखरला हे ज्याला आपल्यापेक्षा अधिक नेमके ठाऊक आहे, जो ते सगळे आपल्यासमोर बसून रडत सांगतो, तो त्याच संध्याकाळी पुन्हा का पितो, आणि अशा माणसाला आता आणखी काय समजावायचे? माझे उत्तर असे की समजावण्यासारखे काही उरलेलेच नाही. त्याच्यातला जो भाग तुझ्यासमोर रडतो, त्याला सगळे समजलेले आहे. जो पितो, तो भाग तुझ्या खोलीत अजून आलेलाच नाही, कारण तिथे आपले स्वागत कसे होईल याची त्याला पुरेपूर कल्पना आहे.

मनाचे असे भाग मानून काम करणारी जी पद्धत मी तुला सुचवतो आहे, ती इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, थोडक्यात आयएफएस, या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील कौटुंबिक उपचारतज्ज्ञ रिचर्ड श्वार्ट्झ यांनी ती १९८०च्या दशकात, बुलिमिया या खाण्याच्या विकाराच्या रुग्णांसोबत काम करताना विकसित केली. त्यांनी स्वतः सांगितलेली एक हकीकत अशी की, स्वतःला जखमा करून घेणाऱ्या एका रुग्ण स्त्रीच्या मनातल्या त्या भागाला त्यांनी आणि तिने मिळून दटावले आणि निदान आठवडाभर तरी असे करणार नाही असे त्याच्याकडून कबूल करवून घेतले. पुढच्या भेटीला ती चेहऱ्यावर जखम घेऊन आली. श्वार्ट्झ यांनी हार मान्य केली, आणि त्यानंतरच, केवळ कुतूहलापोटी, तो भाग हे कशासाठी करतो असे विचारले. माझ्या मते या पद्धतीचा गाभा त्या विचारण्यात आहे. परिभाषा तू सावकाश शिकलीस तरी चालेल.

ती परिभाषा थोडक्यात अशी. लहानपणी किंवा पुढे कधीतरी जे भाग अपमान, मारहाण, एकटेपणा किंवा भीती सोसून त्या क्षणातच अडकून पडले, ते हद्दपार भाग. त्यांचे दुःख वर येऊ नये म्हणून आधीपासून बंदोबस्त ठेवणारे, शिस्त लावणारे, टोचून बोलणारे भाग म्हणजे व्यवस्थापक. आणि एवढे करूनही ते दुःख उसळलेच, तर परिणामांचा विचार न करता ते तत्काळ विझवणारे भाग म्हणजे अग्निशामक. दारू, गर्द, जुगार, तासन्‌तास मोबाइलमध्ये बुडून राहणे ही त्यांची साधने. या सगळ्यांपलीकडे प्रत्येक माणसात एक शांत, जिज्ञासू आणि दयाळू असे केंद्र असते, ज्याला या पद्धतीत ‘स्व’ म्हणतात, आणि बरे करण्याचे काम शेवटी ते करते. उपचारकाने फक्त त्याला वाट मोकळी करून द्यायची असते.

व्यसनाच्या बाबतीत मात्र केवळ पिणाऱ्या भागाकडे पाहून भागत नाही. हीच पद्धत व्यसनांसाठी वापरणाऱ्या सीसी साइक्स यांचा आग्रह असा की व्यसन हे एका भागाचे कृत्य नसून दोन गटांमधला झगडा आहे: एकीकडे धाक घालणारे, दुसरीकडे सुटका करू पाहणारे. रात्री प्यायल्यावर सकाळी आतला टीकाकार जे फटके मारतो, त्या फटक्यांनीच मूळची जखम पुन्हा ठसठसते, आणि ती ठसठस शमवायला संध्याकाळी अग्निशामक पुन्हा धावतो. व्यसन पुन्हा का उलटते याचा अभ्यास करणाऱ्या ॲलन मार्लट यांनीही १९८५च्या सुमारास वेगळ्या वाटेने हेच मांडले होते: एका घसरणीनंतर माणूस स्वतःला जितके नालायक ठरवतो, तितकी ती घसरण लांबत जाते. म्हणून रुग्णाला लाज वाटली पाहिजे असे जेव्हा तुला कुणी सांगेल, तेव्हा लाज तिथे आधीच गळ्यापर्यंत आहे हे लक्षात ठेव.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. उदाहरण एका माणसाचे नाही, पण असे संभाषण तुला वारंवार ऐकू येईल. दिवे लागणीला जी तलफ येते, ती शरीरात कुठे जाणवते असे तू विचारतेस. “छातीत. इथे, घशाच्या जरा खाली.” त्या भागाकडे पाहून काय वाटते? “गळा दाबावासा वाटतो त्याचा.” नवखा समुपदेशक इथे मान डोलावून पुढे जातो. तू थांब. हे उत्तर रुग्णाच्या शांत मनाचे नाही, त्याच्यातल्या टीकाकाराचे आहे, आणि तो मध्ये उभा असेपर्यंत पिणारा भाग तोंड उघडणार नाही. तेव्हा आधी त्या टीकाकाराशीच आदराने बोल: इतकी वर्षे हे घर तूच सांभाळलेस, नुकसानही तूच मोजलेस, थोडा वेळ मागे सरून आम्हाला त्याचे ऐकू देशील का? बहुधा तो नकार देईल, कारण “मी लक्ष काढले की हा बाटली उघडणार” ही त्याची भीती अनुभवातून आलेली असते. मग ती संपूर्ण भेट त्याच्यासाठी दे. त्याने खरोखर जागा दिली की रुग्णाचा आवाज बदलतो, तो खाली येतो, सैल होतो, आणि तोच माणूस तुला विचारतो, “हा कधीपासून हे करतोय, कुणास ठाऊक?” या कुतूहलाची वाट पाहायची. ते सक्तीने आणता येत नाही.

त्यानंतर पिणाऱ्या भागाला विचारण्याचा प्रश्न एकच: आज तू याला प्यायला लावले नाहीस, तर काय होईल अशी तुला भीती वाटते? उत्तरे फार साधी येतात. “रात्र संपणार नाही.” “ते सगळे पुन्हा दिसायला लागेल.” “हा स्वतःला काहीतरी करून घेईल.” हे तिसरे उत्तर आले तर बाकी सारे बाजूला ठेवून आत्महत्येच्या धोक्याची थेट, स्पष्ट शब्दांत चौकशी कर, कित्येकदा दारू हे त्या भागाने मरणापेक्षा बरे म्हणून शोधलेले साधन असते. या माणसाला तू आता किती वयाचा समजतोस, असेही त्या भागाला विचारून पाहा. चाळिशीच्या माणसातला तो भाग “बारा” असे म्हणतो, तेव्हा त्या खोलीतल्या कुणालाच वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

या कामात सर्वांत अवघड भाग रुग्णात नसतो, तो तुझ्यात असेल. त्याने सोडावी, लवकर सोडावी, आणि ती तुझ्या हातून सुटावी, असे वाटणारा एक भाग तुझ्याही आत आहे. तसा तो नसता तर तू या क्षेत्रात आलीच नसतीस. पण तो पुढे सरसावला की तू रुग्णाच्या व्यवस्थापकांच्या गटात जाऊन बसतेस आणि अग्निशामक तुझ्यापासूनही लपायला लागतो. रुग्ण तुझ्याशी खोटे बोलू लागला, तर ते बहुतेक वेळा याचेच लक्षण असते. भेटीपूर्वी थोडा वेळ स्वतःपाशी बसून त्या उतावळ्या भागाला बाहेर थांबायला सांग. मी ते अजूनही करतो, आणि तो अजूनही दार वाजवतो.

हद्दपार भागांकडे जाण्याची घाई करू नकोस. राखण करणाऱ्या भागांची परवानगी न घेता जुनी जखम उघडली, की त्या रात्री अग्निशामक दुप्पट जोराने कामाला लागतो आणि रुग्ण पुढच्या भेटीला येत नाही.

करुणा म्हणजे मुभा नव्हे, हेही सांगायला हवे. प्यायलेल्या अवस्थेत कुणाला मारले, गाडी चालवली, घरातले पैसे नेले, तर त्याची जबाबदारी त्या माणसाची आहे. “तो माझ्यातला एक भाग होता” हे वाक्य तू माफीनामा म्हणून स्वीकारू नकोस. आणि शरीराचे काम संवादावर सोपवू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट्स येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भ्रम, भास आणि तीव्र अस्वस्थता, जिवावर बेतू शकते. म्हणून दारू थांबवणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. झोपेच्या आणि चिंतेच्या बेन्झोडायझेपिन गोळ्यांचेही तसेच. अफूवर्गीय द्रव्य काही काळ सुटले की सहनशक्ती उतरते, आणि मग जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. हे रुग्णाला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेव. दारूसाठी नाल्ट्रेक्झोन व ॲकॅम्प्रोसेट, अफूवर्गीय द्रव्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिन व मेथाडोन ही औषधे उपलब्ध आहेत. औषध घेणे म्हणजे हार मानणे, असे म्हणणारा टीकाकार रुग्णात असतोच. तो तुझ्यात नसावा.

या पद्धतीच्या बाजूचा पुरावाही जेवढा आहे तेवढाच सांगत जा. २०१३ साली ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांध्यांच्या आजाराच्या रुग्णांवरील नियंत्रित अभ्यासात तिचा काही उपयोग दिसला, पण व्यसनांवरचे संशोधन अजून तुटपुंजे आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रेरणात्मक संवादपद्धतीला किंवा वर्तनोपचारांना त्याहून भक्कम आधार आहे. म्हणून मी यांपैकी एक निवडायला सांगत नाही. मिलर यांची पद्धतही वाद न घालता रुग्णाच्याच द्विधेला बोलू देते, त्यामुळे दोन्ही एकत्र सहज नांदतात.

शेवटी घरच्यांविषयी. पत्नी तोंडाचा वास घेते, आई उशीखाली हात घालून पाहते, भाऊ पगार ताब्यात घेतो. हे रुग्णाच्या मनाबाहेरचे व्यवस्थापक आहेत, आणि तेही घाबरलेले, थकलेले आहेत. त्यांना उपदेश करू नकोस आणि रुग्णाच्या गोष्टी त्यांना सांगू नकोस, पण तेही कधीपासून जागे आहेत हे विचार. त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेव, आणि ती रुग्णाच्या वेळेतून कापून घेऊ नकोस.

तुझा,
एक जुना सहकारी